माझ्या माघारी निकाल देऊ नये

सोमवार, ९ जून

दादा,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी! एकोणीस वर्षांनी माणूस बहिणीला चार ओळी लिहितो, आणि त्यातली एक 'पत्ता कुणाला देऊ नकोस' ही. धन्य आहे तुझी.

पत्र आईकडे आलं. माझं सासरचं घर तुला माहीत असायचं काही कारणच नाही. आईने ते माझ्या हातात दिलं, 'तुझं काहीतरी आलंय' म्हणाली आणि दूध बघायला आत गेली. मी तिच्यासमोर फोडलं नाही, गाडीत बसून वाचलं. मी ड्रायव्हिंग शिकवते, हे तुला कुठून माहीत असणार म्हणा. शेजारी एक रिटायर्ड काका शिकत होते. त्यांनी गाडी चौकात मधोमध बंद पाडली, मागून हॉर्नवर हॉर्न, आणि मी आपली 'बाबा गेल्याचं कळलं, मला वाईट वाटलं नाही, त्यांच्यासाठी मी तेव्हाच मेलो होतो' हे वाक्य परत परत वाचतेय. काका म्हणाले, "मॅडम, क्लच दाबू का?" मी म्हटलं, दाबा काय वाटेल ते.

मला तुझा राग कळतो. मी तेव्हा सोळाची होते, पण स्वयंपाकघराच्या दारातच उभी होते. त्यांनी शब्द टाकून ठेवलेल्या मुलाखतीला तू गेला नाहीस, आणि त्यांनी तुझी बॅग जिन्यात ठेवून आतून कडी लावली. ती कडी मी विसरलेले नाही.

तुला लिहायचं कारण वेगळंच आहे. काल आईकडे होते तेव्हा फोन वाजला. जिल्हा कोर्टाच्या बाहेर टेबल टाकून बसणारे एक टायपिस्ट. "साहेब बरे आहेत ना? दर तीन महिन्यांनी चुकत नाहीत, यंदा आलेच नाहीत. मुदत उलटून गेली, म्हणून काळजी वाटली." मी म्हटलं, साहेब मार्चमध्ये गेले. कसली मुदत, विचारलं तर म्हणाले, "ताई, पक्षकाराची गोष्ट मी फोनवर बोलत नाही. मुलाची भानगड होती एवढं सांगतो. कोर्टाचं रेकॉर्ड उघडं असतं, अर्ज करा आणि बघा."

मुलाची भानगड! म्हणजे तुझी. दर तीन महिन्यांनी हा माणूस तुझ्याविरुद्ध कोर्टात जात होता? मी आईला विचारलं. ती म्हणाली, "राँग नंबर असेल."

मी शुक्रवारी कोर्टात जाणार आहे. घराबाहेर काढून पोट भरलं नाही, तर कोर्टात नेऊन काय केलं तुझं, ते मला बघायचंच आहे.

तुझी धाकटी


शुक्रवार, १३ जून

दादा,

हात हलवत परत आले. माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय.

नकला विभाग म्हणजे तळमजल्यावरची एक लांबोडकी खोली. कापडात बांधलेले गठ्ठे पार छतापर्यंत, आणि धूळ अशी की खिडकीतल्या बाईंना बारमाही सर्दी. मी मनातल्या मनात त्यांचं नाव सर्दीबाई ठेवलंय. म्हटलं, मला एक केस बघायचीय. "नंबर?" माहीत नाही. "साल?" माहीत नाही. "तुम्ही पक्षकार आहात?" नाही. मला वाटलं, आता हाकलणार. पण त्या म्हणाल्या, "चालतं. कुणीही बघू शकतं. शोधाचा अर्ज लिहा, तिकीट लावा, अर्जदाराचं नाव टाका."

मी ठसठशीत अक्षरात बाबांचं नाव टाकलं. अर्जदार ते, दुसरं कोण असणार? दोन तास बाकड्यावर बसले. माझ्या शेजारच्या बाईला स्वतःच्याच घटस्फोटाची नक्कल हवी होती. दुसरं लग्न ठरलंय, पहिलं मोडल्याचा पुरावा सापडत नाही म्हणून रडकुंडीला आली होती. शेवटी माझा अर्ज परत आला. वर शेरा, 'आढळ होत नाही.'

म्हटलं, परत बघा. एकोणीस वर्षांची सगळी सालं बघा. सर्दीबाई नाक पुसत म्हणाल्या, "बाई, या नावाच्या अर्जदाराने या कोर्टात कधी अर्ज केलेलाच नाही. केला असता तर सापडला असता. आम्ही हरवत नाही, फक्त उशिरा देतो."

मग तो टायपिस्ट काय भांग पिऊन बोलत होता? त्याचं टेबल आज नेमकं बंद. बुधवारी परत जाते.

धाकटी


बुधवार, १८ जून

दादा,

बसलेला असशील तर बरं. नसशील तर बस.

आज सर्दीबाईंनी मला एकच प्रश्न विचारला. "ज्याची भानगड आहे त्याचं नाव टाकून बघितलंत का? तुम्ही वडिलांचंच धरून बसलाय." मी तुझं नाव लिहिलं. अर्ध्या तासात गठ्ठा आला. अकरा वर्षांपूर्वीचा. एका माणसाला मृत घोषित करावं, असा अर्ज. तो माणूस तू.

हे वाचून मी हादरले, पण माझी तयारी होती रे. म्हटलं, केलंच शेवटी म्हाताऱ्याने. मग अर्जदाराच्या नावावर नजर गेली.

आई.

दादा, आई! आपली आई. मी ते नाव बोटाने धरून परत वाचलं. सर्दीबाईंनी त्यांच्या बाटलीतलं पाणी दिलं. आईने शपथेवर सांगितलंय, 'माझा मुलगा सात वर्षांहून अधिक काळ बेपत्ता आहे. तो जिवंत असता तर माझ्याकडे आला असता.' खाली तिची सही, बाजारच्या यादीवर करते तसली वाकडीतिकडी.

आणि बाबा? बाबा त्यात हरकतदार आहेत. कोर्टाने जाहीर नोटीस दिली, कुणाची हरकत आहे का, तर हा माणूस उठून उभा राहिला. वकील नाही, काही नाही. त्यांचा जबाब मी तुला जसाच्या तसा लिहून पाठवतेय. फोटो काढू देत नाहीत, पण समोर बसून उतरवून घेऊ देतात.

'मी मुलाचा बाप आहे. मी त्याला घराबाहेर काढलं. तो माझ्यावर रागावून गेला आहे, मेलेला नाही.' आईच्या वकिलाने विचारलंय, पुरावा काय? 'काही नाही.' मग कशावरून म्हणता? 'तो माझ्यासारखा हट्टी आहे.' त्या वकिलाने पुन्हा खोदून विचारलं असावं, कारण पुढे आहे, 'चूक माझी आहे. कोर्टाने तो मेला असं ठरवलं, तर मी माफी कुणाची मागू?'

हे बाबा बोलले. आपले बाबा, जे घरात कुणी तुझं नाव काढलं तर ताट बाजूला सारायचे. मी त्या खोलीत सगळ्यांच्या देखत ढसाढसा रडले. घटस्फोटवाली बाई आजही होती, तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिला वाटलं माझाही सापडला.

आईने पुढे अर्ज मागे घेतला. निकाल लागलाच नाही. सर्दीबाई तेव्हा वरच्या मजल्यावरच्या कोर्टात होत्या, त्यांना हे दोघं आठवतात. विरुद्ध बाजूंच्या बाकांवर बसायचे, आणि मधल्या सुट्टीत जिन्याखाली एकाच डब्यातून जेवायचे. "आम्हाला वाटायचं, गंमतच आहे. भांडण कुणाचं आणि कुणाशी." मी तेव्हा बाळंतपणात होते. मला कुणी काही कळू दिलं नाही.

उद्या लिहिते.


गुरुवार, १९ जून

दादा,

टायपिस्टकाका भेटले. दर तीन महिन्यांचं कोडं सुटलं, आणि नको असं झालं.

आईने अर्ज मागे घेतला खरा, पण ती तो परत केव्हाही करू शकत होती. म्हणून बाबांनी कोर्टात कॅव्हेट लावून ठेवलं. म्हणजे आधीच सांगून ठेवायचं की असा अर्ज आला तर माझ्या माघारी निकाल देऊ नये, आधी मला बोलवावं. ते तीन महिनेच चालतं. मग नवं लावायचं. त्याचं रजिस्टर वेगळं, म्हणून सर्दीबाईंना बाबांचं नाव सापडलं नव्हतं. अकरा वर्षं हा माणूस तेच करत होता! आपल्याला सांगायचा, डोळे तपासायला चाललोय. मी त्यांना चेष्टेने म्हणायचे, बाबा, डॉक्टरांच्या प्रेमात पडलात की काय.

आणखी ऐक. कॅव्हेट लावलं की समोरच्याला रजिस्टर पोस्टाने कळवावं लागतं. समोरचा म्हणजे आई. एकाच घरातून बाबा निघायचे, पोस्टात जायचे, आणि दोन दिवसांनी पोस्टमन तेच पाकीट त्याच घरात आणून द्यायचा. आई सही करून घ्यायची. मी कितीदा बघितलंय ते डोळ्यांनी! विचारलं तर म्हणायची, "विम्याचं." बाबा तिथेच खुर्चीत पेपर वाचत असायचे.

आता खरी गोष्ट. बाबांचं शेवटचं कॅव्हेट मे महिन्यात संपलं. कधी संपतं ते आईला चांगलंच ठाऊक, घरात पाकिटं होतीच. पुढच्याच आठवड्यात तिने नवा अर्ज केलाय, काकांनी आत विचारून येऊन सांगितलं. ८ जुलै, सकाळी अकरा, चार नंबरचं कोर्ट. त्या दिवशी कुणी हरकत घेतली नाही तर तू कायद्याने मेलास. कायमचा.

काका म्हणाले, "एक पत्र दाखवा त्याच्या हातचं, काम संपलं." पत्र माझ्या पर्समध्ये आहे. पण तू लिहिलंयस, कुणाला सांगू नकोस. एकोणीस वर्षांनी तू एका माणसावर विश्वास टाकलास, ती मी. म्हणून विचारते. दाखवू? किंवा त्याहून बरं, तू स्वतःच येऊन उभा राहतोस? घरी येऊ नकोस हवं तर. कोर्टात ये.

लगेच लिही. वाट बघते.

धाकटी


शुक्रवार, २७ जून

दादा,

तुझं उत्तर नाही. तोवर मला राहवेना, मी आईला जाऊन विचारलं. समोर बसले आणि स्पष्टच म्हटलं, कोर्टात सगळं वाचून आलेय.

ती मटार सोलत होती. सोलतच राहिली. म्हणाली, "वाचलंस ना? मग झालं."

"आई, तो जिवंत आहे!"

"माहितीये मला."

ती म्हणाली, "पाकिटावरचं अक्षर ओळखलं मी. म्हणून तर दूध बघायला आत गेले. दूध कुठे होतं गॅसवर?"

मी म्हटलं, मग त्याच दिवशी अर्ज मागे का नाही घेतलास? शपथेवर खोटं सांगतेस? तेव्हा तिने ताट खाली ठेवलं. "पत्र कुणाच्या नावाने आलं? तुझ्या. मी काही बोलले? चार दिवस वाट बघितली, तू सांगशील, आई, तुझी चौकशी केलीये. तू नुसती येऊन जाऊन होतीस, तोंड लपवत. केलीये का त्याने चौकशी?"

तुझं पत्र मला तोंडपाठ आहे. त्यात आईचं नावसुद्धा नाही. मी ताटातले मटार सोलायला घेतले. तिला ते पुरलं.

मग ती बोलली ते जसंच्या तसं लिहिते. "बापावर रागावला, मान्य. मी काय केलं होतं? माझा मुलगा आहे आणि तो येत नाही, हे मी कुणाकुणाला सांगू? एकोणीस वर्षं लोक विचारतात, मुलगा काय करतो. मेला म्हटलं तर माणसं निदान खुर्ची देतात, पाणी विचारतात. जिवंत ठेवून मला काय मिळालं? तुझ्या बापाला माफी मागायची होती म्हणून त्याने जिवंत ठेवला. मला कुणाची माफी मागायची नाहीये."

मी घाबरले रे तिला. आपली आई, जी भाजीवाल्याशी घासाघीस करायला लाजते. निघताना मला म्हणाली, "पत्र दाखवायचं तर दाखव. मी तुझ्यावर रागावणार नाही. पण मग त्याला म्हणावं, स्वतः येऊन दाखव."

आता तरी लिही.


गुरुवार, ३ जुलै

दादा,

आलं तुझं उत्तर. 'तिला हवं तर होऊ दे. कागदावर मेल्याने मला इथे काही फरक पडत नाही. माझं पत्र कोर्टात दाखवू नकोस.' वा! शाबास!

फरक तुला पडत नाही, ते माहीतच आहे. तुला कधी कशाचा पडला? मी तुला बाबांचा जबाब लिहून पाठवला, त्यावर एक अक्षर नाही. आई काय म्हणाली ते पाठवलं, त्यावर 'तिला हवं तर'. अरे, तिला काय हवंय ते तुला खरंच कळलं नाही, की कळून घ्यायचं नाही? मला वाटायचं, या घरात दगड एकच होता, बाबा. तो दगड निघाला नाही, तर मी आता कुणाकडे बघू?

पत्र दाखवणार नाही. शब्द दिलाय, तो पाळीन. पण हरकत मी घेणार आहे. टायपिस्टकाकांनी कालच अर्ज टाइप करून दिला, एक पैसा घेतला नाही. पुरावा नाही म्हणून माझी हरकत फेटाळतील. फेटाळू देत. बाबांकडेही नव्हता.


मंगळवार, ८ जुलै

दादा,

आत्ताच कोर्टातून आलेय. चपलासुद्धा काढल्या नाहीत. झालं ते झालं तसं लिहिते.

आई आणि मी एकाच रिक्षाने गेलो. कोर्टात ती तिच्या वकिलाशेजारी बसली, मी पलीकडच्या बाकावर. पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते. न्यायाधीश मॅडमनी फाइल चाळली, आईला विचारलं, "तुमचं म्हणणं कायम आहे? मुलगा हयात नाही?" आई उठून म्हणाली, "कायम आहे." आवाज खणखणीत. मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, नियमाप्रमाणे पुकारा करा, मग हरकत ऐकू.

मला हे माहीतच नव्हतं, दादा. ज्याची केस असते त्याला हाक मारतात. तो मेला म्हणून केस असली तरी मारतात. शिपाई दारात गेला आणि अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं ओरडला. तुझं नाव, मग बाबांचं नाव, मग आडनाव. 'हाजिर आहे काय?'

एकोणीस वर्षांत तुझं पूर्ण नाव कुणी मोठ्याने घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. आणि आई उठली.

वकील म्हणाला, बसा, बसा आजी. तिचं लक्षच नव्हतं. पदर सावरत ती बाकांमधून वाट काढत दारापर्यंत गेली, शिपायाच्या बाजूने मान बाहेर काढून तिने व्हरांडा बघितला. आधी या टोकाला, मग त्या टोकाला. शिपाई म्हणाला, "आजी, हाक तुम्हाला नाही." ती म्हणाली, "माहितीये. आलाय का बघते."

तिच्या वकिलाने कपाळाला हात लावला. मॅडमनी चष्मा काढला आणि अगदी हळू विचारलं, "आजी, आत्ताच तुम्ही सांगितलंत ना, मुलगा हयात नाही म्हणून?"

आई दाराची चौकट धरून उभी राहिली. मग म्हणाली, "बाई, आणखी एकदा हाक मारायला सांगता का?"

मॅडमनी शिपायाकडे बघितलं. त्याने परत हाक मारली. या वेळी तोही ओरडला नाही, घरातल्याला बोलवावं तशी मारली.

मला हरकत घ्यावीच लागली नाही. निकाल आज दिला नाही. पुढची तारीख ५ ऑगस्ट, अकरा वाजता, तेच कोर्ट. पुकारा परत होईल.

पुढच्या केसची माणसं आत यायला लागली. आई दारातून हलेना, ती तिला वळसा घालून जात होती. मी जाऊन तिचा दंड धरला. म्हटलं, आई, चल घरी, झालं आजचं.

ती म्हणाली, "जरा थांब गं. लांबून यायचं म्हणजे उशीर होतोच माणसाला."